तीनशे एकेचाळीस वाचक आणि एक कोरी ओळ

माझ्या वेबसाइटवर पहिल्याच दिवशी तीनशे एकेचाळीस वाचक आले. त्यातले तीनशे एकोणतीस अस्तित्वातच नव्हते. पण हे दुसऱ्या दिवशी कळलं. मधल्या काही तासांत मी जो मान भोगला, तो मात्र खरा होता, आणि तो कोणी परत मागितलेला नाही.

झालं असं की आमच्या वाचनालयाला नगर कार्यालयाचं पत्र आलं. वाचनालय म्हणजे कोपऱ्यावरच्या इमारतीतली तळमजल्याची एक लांबट खोली. भिंतीला कपाटं, मधे दोन टेबलं, दाराशी एक जुना कॉम्प्युटर, आणि या सगळ्यामागे सत्तावीस वर्षं बसलेल्या ग्रंथपालबाई. पत्रात लिहिलं होतं की वाचकांची संख्या दीडशेच्या खाली असेल, तर सदर जागा कार्यालयाच्या मोडक्या खुर्च्या ठेवण्यासाठी घेण्यात येईल. संख्येचा पुरावा किमान तीन आठवड्यांच्या संगणकीय नोंदीचा असावा. हस्ताक्षरातील नोंदी ग्राह्य नाहीत.

बाईंकडे सत्तावीस वह्या होत्या. एकेका वाचकाचं नाव, पुस्तक, तारीख, आणि कोणी पानाचा कोपरा दुमडला असेल तर तेही. सगळं मोत्यासारख्या अक्षरात. तेच तर नडलं.

"आता काय करायचं?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण शिक्का त्यांनी उलटा मारला. मी बाईंना उलटा शिक्का मारताना कधी पाहिलेलं नव्हतं. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करते."

मला हे येत होतं असं नाही. मी शिकले होते ते याच वाचनालयातल्या दोन पुस्तकांवरून. एक पातळ होतं. दुसरं जाड होतं, पण त्याची शेवटची चाळीस पानं गेलेली, त्यामुळे वेब प्रोग्रॅमिंगमधलं माझं ज्ञान पान तीनशे बारावर अर्ध्या वाक्यात संपतं. तेवढ्या भांडवलावर मी एक स्वेटरच्या नमुन्यांचं पान बनवलं होतं. ते आमच्या ह्यांनी एकदा उघडून पाहिलं आणि "बाही कुठे आहे?" असं विचारलं होतं.

आमचे हे सांडपाणी खात्यात आराखडे काढतात. त्यामुळे कुठलीही गोष्ट कुठे तुंबणार हे त्यांना आधी दिसतं. "मोजायचं म्हणजे ओळखावं लागणार," ते म्हणाले. "तुझं यंत्र माणूस ओळखतं का?"

नाही ओळखत. आणि इथेच मला या विषयाचं पहिल्यांदा प्रेम वाटलं, ते सांगते.

सर्व्हर म्हणजे कुठेतरी दूर बसलेलं यंत्र. तुम्ही पान मागता, ते देतं आणि तत्क्षणी तुम्हाला विसरतं. पुढचं पान मागितलंत की तुम्ही त्याला पुन्हा परके. असा माणूस आपण सगळ्यांनी खिडकीमागे बसलेला पाहिला आहे. सकाळी त्यानेच सांगितलेलं असतं, दुपारी या. दुपारी गेलं की तो म्हणतो, आपण कोण? फरक एवढाच की सर्व्हरला आपला हा दोष ठाऊक आहे आणि त्याने त्यावर उपाय केला आहे. पहिल्या भेटीत तो पानासोबत एक बारीकशी चिठ्ठी देतो. तिला कुकी म्हणतात. चिठ्ठीवर एक नंबर. ती तुमच्या ब्राउझरने जपून ठेवायची आणि दर वेळी न सांगता दाखवायची. सर्व्हर नंबर बघतो, आपल्याकडची नोंदवही उघडतो आणि म्हणतो, हां, म्हणजे तुम्ही ते! लक्षात ठेवायचं काम त्याने विसरणाऱ्याकडून काढून येणाऱ्याच्या खिशात घातलं. जगातली किती कार्यालयं आपण विसरतो हे कबूल करतात? मी तर स्वयंपाकघरात उभी राहून त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला, ज्याला हे सुचलं.

तेव्हा बेत असा: वाचनालयाची पुस्तकं वेबसाइटवर टाकायची, लोकांनी तिथे शोधायची, राखून ठेवायची. प्रत्येकाला चिठ्ठी. वेगळे नंबर किती झाले ते मोजायचं. तेवढे वाचक. आकडा वेबसाइटवरच एका पानावर दिसेल, म्हणजे कार्यालयालाही बघता येईल. सरळ हिशोब.

पहिल्या दिवशी तीनशे एकेचाळीस!

आमच्या शेजारचे कंपाउंडर जिन्यात भेटले. निवृत्त आहेत, पण अजून कोणाशीही बोलताना आधी जीभ बघतात. "वहिनी, तुम्ही तर कमाल केलीत. आता दीडशेच काय, त्यांच्या खुर्च्याच आपण ठेवून घेऊ!" मी विनयाने पदर सावरला. ग्रंथपालबाई मात्र आकड्याकडे बघून म्हणाल्या, "आज बारा जण आले होते."

"ते इथे आले, बाई. हे घरून आलेत."

"तीनशे एकेचाळीस?" बाई म्हणाल्या. "आपल्याकडे पुस्तकं किती आहेत माहीत आहे ना?"

झालं होतं काय, तर चिठ्ठी कोणालाच मिळत नव्हती. त्यामुळे जो जितक्या वेळा बोट दाबेल, तितके वाचक. कंपाउंडर एकटेच साठ जण होते. मी प्रोग्रॅम उलटासुलटा वाचला. जाड पुस्तक वाचलं. पातळही वाचलं. काही चूक नाही. तिसऱ्या दिवशी मला शोध लागला की सर्व्हर स्वतःची एक तक्रारवही ठेवतो. ती उघडली तर त्यात एकच वाक्य, ओळीने शेकडो वेळा, अत्यंत सभ्य भाषेत: चिठ्ठी देता आली नाही, कारण पान आधीच निघून गेलं आहे. नोंद पहिल्या ओळीची.

पहिल्या ओळीत काही नव्हतंच! आणि तीच तर चूक होती. मला शाळेत बाईंनी पट्टीने शिकवलं होतं: वहीच्या पानावर पहिली ओळ कोरी सोडायची. चाळीस वर्षं मी ती सोडत आले. वाण्याच्या यादीवरही सोडते. तशीच ती प्रोग्रॅमच्या फाइलीवरही सोडली होती. आता नियम असा आहे की चिठ्ठी पाकिटावर लिहून जाते आणि पान पाकिटाच्या आत. पानाचं एक अक्षर जरी बाहेर पडलं, तरी पाकीट रवाना झालं, त्यावर मग काही लिहिता येत नाही. माझी कोरी ओळ त्या यंत्राच्या दृष्टीने कोरी नव्हती. तो पानाचा मजकूरच होता. कोऱ्या जागेलाही इतक्या गांभीर्याने घेणारा वाचक मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला. ओळ खोडली. खोडताना मान आपोआप मागे वळली, पट्टी येते की काय म्हणून.

चौथ्या दिवशी चिठ्ठ्या जाऊ लागल्या आणि मी हौसेने भर घातली. ज्याच्याकडे चिठ्ठी आहे त्याचं स्वागत, नाही त्याला एक ओळ: "आपली ओळख पटली नाही." पहिलं गिऱ्हाईक घरचंच.

"अगं ए," हे बाहेरच्या खोलीतून ओरडले, "एकोणतीस वर्षं झाली लग्नाला. आणि ओळख पटली नाही म्हणून चक्क लिहून देतेस?"

"पुन्हा उघडा. पटेल."

"आणि पुन्हा नाही पटली तर?"

यातही चूक माझीच. मी त्यांच्या हातात चिठ्ठी ठेवत होते आणि त्याच श्वासात विचारत होते, चिठ्ठी आणलीय का? चिठ्ठी घरी पोचून पुढच्या खेपेला परत यायला हवी, एवढा धीर नको का धरायला? सर्व्हरला तो आहे. मला नव्हता. त्या दिवशी निम्म्या जिन्याने "आमची ओळख पटत नाही तर आम्ही कशाला येऊ" असा निरोप पाठवला. मी घरोघर जाऊन माफी मागितली. दोन घरी चहा झाला, एका घरी माझ्या स्वेटरच्या बाहीची चौकशी झाली.

पाचव्या दिवशी चिठ्ठीची मुदत चुकली. मुदत सेकंदात सांगायची असते. मी तीस दिवसांना चोवीस तासांनी गुणलं, साठांनी गुणलं, आणि दूध उतू गेलं म्हणून उठले. परत आले तेव्हा आणखी एकदा साठांनी गुणायचं राहिलं ते राहिलंच. महिन्याची चिठ्ठी बारा तासांत संपायची. सकाळी आलेला माणूस संध्याकाळी नवा. हेही निस्तरलं. मग सगळे आकडे पुसून मी शून्यापासून सुरुवात केली. पडताळणीआधी पत्रात मागितलेले बरोबर तीन आठवडे उरले होते.

आणि मग खरंच चालू लागलं. वीस, पंचेचाळीस, सत्तर. बाई रोज विचारायच्या, मी रोज सांगायचे. पडताळणीला येणाऱ्या तपासनीस साहेबांचा नगर कार्यालयातून फोन आला तर तेही म्हणाले, "बघतो आहे तुमचा आकडा. रोज अकराला बसलो की आधी तेच पान उघडतो." तीन आठवड्यांअखेर आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी झाला. बाईंनी त्या दिवशी शिक्का सुलटा मारला.

तपासनीस गुरुवारी येणार होते. सोमवारी कंपाउंडर जिन्यात भेटले.

"वहिनी, एक पथ्य सांगतो. बाहेरून आलं की आपण हात धुतो ना? तसा तो ब्राउझर रोज सकाळी धुवायचा. त्यात कुक्या साठतात. मी रोज सव्वासहाला सगळ्या काढून टाकतो. पूर्ण जिन्याला लावलंय. सातही घरं!"

मी कठडा धरला.

"कधीपासून?"

"पंधरवडा झाला असेल. का? चेहरा असा का? जीभ दाखवा बघू."

म्हणजे सात घरं रोज सकाळी माझी चिठ्ठी केरात टाकून सव्वासहाला नव्याने जन्म घेत होती. माझ्या एकशे अठ्ठ्याऐंशीतले किती जण खरे? शंभर? कमी? मी घरी येऊन ह्यांना सांगितलं.

"कोणाला कळणार आहे?" हे म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बरं. तुला कळलंय. मग संपलंच."

मी यादीचे कागद छापले आणि बाईंसमोर ठेवले. सर्व्हर प्रत्येक नंबरापुढे लिहून ठेवतो, कोणतं पान किती वाजता मागितलं. "बाई, आकडा खोटा आहे. आणि खरा किती ते मला सांगता येत नाही. चिठ्ठीवर नुसता नंबर आहे. माणूस कोण ते नाही."

बाईंनी चष्मा लावला. पेन्सिल घेतली. पहिला कागद त्यांनी कपाटाच्या उजेडाकडे धरला, आणि मग जे झालं ते मी तुम्हाला कसं सांगू?

"एकसष्ट, एकोणसत्तर, चौऱ्याहत्तर," त्या म्हणाल्या. "हे कंपाउंडर. रोज त्या हेरकथेचा तिसरा भाग आला का बघतात. तो तुमच्या ह्यांच्याकडे आहे, चार महिने."

मी यादीतच बघत राहिले.

"ही शहाऐंशी आणि त्र्याण्णव एकच. बाळंतपणाची पुस्तकं बघते, आणि मग न चुकता एक प्रवासवर्णन. दुसऱ्या मजल्यावरची. तिला जायचंय कुठेतरी, आता दोन वर्षं जमायचं नाही. हे शंभर आणि एकशे पाच वेगळे. दोघं बुद्धिबळच बघतात, पण हा सोपं आधी बघतो आणि तो अवघड. सासरा-जावई. एकमेकांना सांगत नाहीत."

त्या नंबरांवर नंबर खोडत गेल्या. एकशे अठ्ठ्याऐंशीचे एकशे दोन झाले. दीडशेला अठ्ठेचाळीस कमी.

"आता हा चार नंबर कोण?" बाईंनी विचारलं. "हा माणूस जेवतो कधी? अकराशे ओळी आहेत."

तो माणूस नव्हता. तो दाराशी ठेवलेला वाचनालयाचा कॉम्प्युटर होता. ज्यांच्या घरी यंत्र नाही ते सगळे त्याच्यावर बसायचे, आणि चिठ्ठी ब्राउझरला मिळते, माणसाला नाही. जो बसेल तो चार नंबर. कंपाउंडर एकटे पंधरा झाले होते आणि इथे कितीतरी जण मिळून एक झाले होते! मी उडालेच. इतके दिवस माझं लक्ष फक्त जास्त मोजलेल्यांवर होतं.

दोन दिवस बाई चार नंबर उलगडत होत्या. मी शेजारी बसून टाइप करत होते. "इथे रेडिओ दुरुस्ती. मग शब्दकोश. म्हणजे घड्याळजी, त्यांना मधे शब्द अडतो. इथून शिंपीणताई. बघा, तीन मिनिटं काहीच नाही, चष्मा शोधत असणार. हा नवा आहे. थांबा... हं, पोस्टमन. उन्हातून येतो, थंड प्रदेशाचंच काहीतरी वाचतो." जिथे खात्री नव्हती तिथे त्या नाव घालत नव्हत्या. मी एकदा म्हटलं, धरा की. त्या म्हणाल्या, "नाही बसत." सत्तावीस वर्षं ही बाई चिठ्ठी न देता माणसं ओळखत होती, आणि मी चिठ्ठीच्याच प्रेमात होते. ते प्रेम उतरलं नाही, हे खरं. पण आता त्यात वाटेकरी आला.

एक नंबर त्यांनी बाजूला ठेवला. एकशे सव्वीस. हा रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी यायचा, नगर कार्यालयाच्या जोडणीवरून. आधी आकड्याचं पान बघायचा, दहा सेकंद. मग "चाळिशीनंतर पोहायला शिका" या पुस्तकाच्या पानावर थांबायचा, पंधरा मिनिटं. राखून ठेवायचं बटण त्याने एकदाही दाबलं नव्हतं.

बाईंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. बाईंनी कागद उलटा ठेवला. "याने पुस्तक मागितलेलं नाही. हा वाचक धरायचा नाही."

आकडा निघाला एकशे सत्तावन्न.

गुरुवारी तपासनीस आले. उंच, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून बेतानेच बसणारे. त्यांनी माझा कागद पाहिला.

"वेबसाइटवर तीन आठवड्यांचे एकशे अठ्ठ्याऐंशी आहेत. इथे एकशे सत्तावन्न. वाढवून आणणारे मी पुष्कळ पाहिलेत. कमी करून आणणारं कोणी पाहिलेलं नाही. काय भानगड आहे?"

मी चिठ्ठीपासून सगळं सांगितलं. कोरी ओळही सांगितली. ती सांगायची गरज नव्हती, पण सुरुवात केली की मला थांबता येत नाही. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे हा आकडा यंत्राचा नाही. या बाईंचा आहे."

"दोघांचा," मी म्हटलं.

"मग पडताळणी करावी लागेल. कोण काय वाचतं ती मूळ यादी द्या. कार्यालयात जमा होईल."

मी कागदांकडे हात नेला. बाईंनी त्यावर आपला हात ठेवला.

"नावं देते. दारात उभं करून दाखवते. काय वाचतात ते देणार नाही."

"बाई, नियम आहे."

"साहेब, इथला पण आहे. कोणी काय वाचलं ते या खोलीच्या बाहेर जात नाही."

"मग मला नाकारावं लागेल. समजतंय ना? जागा जाईल."

मला वाटलं, द्या हो बाई. एका यादीपायी सत्तावीस वर्षं घालवू नका. बाईंच्या कपाळावर घाम होता. पण हात तिथेच होता.

"यादीत एक एकशे सव्वीस नंबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तो आकड्यात धरलेला नाही. रोज येतो, एकच पुस्तक बघतो, जातो. कोण आहे ते मला कळलंय. काय बघतो तेही. ते मी कोणाला सांगितलं नाही, आणि तुम्ही मागितलं म्हणून तुमच्या कार्यालयात पाठवणारही नाही. जागा गेली तरी. तसंच बाकीच्यांचं."

तपासनीसांनी विचारलं, "किती वाजता येतो हा?"

"अकरा वाजून दहा मिनिटांनी."

तपासनीसांचे कान लाल झाले. माझी नजर कुठे ठेवावी कळेना, म्हणून मी कपाटांवरचे नंबर पहिल्यापासून मोजायला घेतले. नवव्या कपाटापाशी पोचले तेव्हा त्यांनी पेन काढलं होतं. अर्जावर त्यांनी लिहिलं: समक्ष पडताळणी केली. संख्या योग्य. खाली सही.

ते उठले, दारापर्यंत गेले, थांबले.

"ते पुस्तक... सध्या आत आहे का?"

"कोणतं?" बाई म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. काय म्हणावं या बाईला!

तपासनीसांनी माझ्याकडे पाहिलं. मी दहाव्या कपाटाकडे.

"पोहण्याचं," ते म्हणाले. मग, कोणी विचारलं नसताना, "नात शिकलीये. म्हणते, आजोबा, तुम्ही काठावरच बसता."

बाईंनी पुस्तक काढून दिलं. घरी नेता का, असं विचारलं, तर ते म्हणाले, नको, इथेच बसून बघतो जरा. बसले. इस्त्रीची घडी मोडली. थोड्या वेळाने पाहिलं तर टेबलाखाली त्यांचे पाय बुटांसकट हळूहळू वरखाली होत होते.

संध्याकाळी घरी येऊन मी सवयीने यादी उघडली. एकशे सव्वीसपुढे त्या दिवशी काहीच नव्हतं. यंत्राच्या मते तो गुरुवारी फिरकलाच नव्हता.